एमएफआय एकच, चाल निराळी : कुपवाडच्या शेडमध्ये बनवलेल्या मेल्ट फ्लो यंत्राच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

कुपवाड एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये फिल्म ब्लोइंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक डायच्या गोल फटीतून काढून फुग्यासारखे फुगवून पातळ फिल्म बनवण्याचे, एकच मशीन आहे. थंडीच्या सुरुवातीला त्यावर कलिंगड आणि मिरचीसाठी काळा मल्चिंग पेपर निघतो, आणि जानेवारीनंतर बेदाण्याच्या खोक्यांत घालायच्या पारदर्शक पिशव्या निघतात. आतापर्यंत आम्ही बहुतांशी एलडी दाणा (कमी घनतेचे पॉलिथिन) वापरत होतो. या हंगामात २५ मायक्रॉनचा पेपर ताकदवान हवा, म्हणून एलएलडी दाणा (सरळ साखळ्यांचे कमी घनतेचे पॉलिथिन) आणला. दोन्ही दाण्यांच्या पत्रकावर एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेला दाणा किती सहज वाहतो त्याचा आकडा) १.० आणि घनता ०.९२ अशीच नोंद होती. आकडे सारखे असल्यामुळे मशीनच्या सेटिंगला हात लावण्याचे कारण दिसले नाही.

प्रत्यक्षात एलडीवर २८ अँपिअर घेणारी मोटर एलएलडीवर ३९ अँपिअरवर गेली, डायमधून निघणारी फिल्म उन्हात धरली असता तिच्यावर आडव्या बारीक लहरी दिसू लागल्या, आणि फुगा एअर रिंगच्या (त्याला थंड करणाऱ्या कड्याच्या) वाऱ्याने इतका हलू लागला की पेपरची जाडी एका कडेला १८ तर दुसऱ्या कडेला ३४ मायक्रॉन भरली. एमएफआय सारखा असूनही वितळलेला दाणा इतका वेगळा का वागतो, याचा छडा लावल्याशिवाय पुढची ऑर्डर घेण्यात अर्थ नव्हता. शिवाय बाजारातून घेतलेला रिप्रोसेस (भंगार प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेला) दाणा कशाचा आहे, हे ओळखण्याची सोयही आमच्याकडे नाही. तयार यंत्राचे कोटेशन लाखाच्या वर आले, म्हणून यंत्र येथेच बनवायचे ठरवले. असे काम हाती घेणाऱ्या कोणाला उपयोग व्हावा, एवढ्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

११ नोव्हेंबर

यंत्राचे काम साधे आहे : तापलेल्या बॅरलमध्ये वितळलेला दाणा वजन ठेवलेल्या पिस्टनने खालच्या डायच्या भोकातून ढकलायचा. मापे प्रमाणित पद्धतीचीच घेतली आहेत : बॅरलचे भोक ९.५५ मिमी, पिस्टनचे डोके ९.४७ मिमी, डायचे भोक २.०९५ मिमी आणि डायची लांबी ८ मिमी. तापमान १९० अंश आणि पिस्टनसह एकूण भार २.१६ किलो. दहा मिनिटांत जितके ग्रॅम बाहेर पडेल, तितका एमएफआय.

पहिले बॅरल वाया गेले. १६० मिमी लांबीचे भोक नुसत्या ड्रिलने पाडले, तेव्हा ड्रिल खाली जाता जाता एका बाजूला सरकले आणि पिस्टन मध्यावर अडकू लागला. दुसऱ्या बॅरलला मिस्त्रींनी आधी ९ चे ड्रिल, मग ९.५ चे रीमर आणि शेवटी होनिंग करून माप गाठले. पहिल्याचे १,६०० रुपये बुडीत धरले आहेत.

डायची गोष्ट अधिक महागात पडली असती. २.१ च्या ड्रिलने पाडलेले भोक मोजले, तर ते २.१४ भरले. फरक दिसायला नगण्य असला तरी ठरावीक दाबाखाली भोकातून जाणारा प्रवाह किमान त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे व्यासातील दोन टक्क्यांची चूक आकड्यात नऊ टक्के किंवा त्याहून अधिक भरते. वितळलेले प्लास्टिक दाब वाढला की पातळ होत असल्यामुळे येथे हा घात चाराहूनही मोठा असतो. शेवटी कार्बाइडची तयार डाय ४,५०० रुपयांना मागवली. यंत्राचा हा एक भाग घरी करण्याच्या भानगडीत पडू नये.

२० नोव्हेंबर

बँड हीटर आणि तापमान राखणारे पीआयडी कंट्रोलर व एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा स्विच) बसवून यंत्र सुरू केले. कंट्रोलरवर १९० दिसत असतानाही एलडीचा एमएफआय ०.८७ आणि एलएलडीचा ०.९२ येतो. वजने तपासली, दाणा ६० अंशांवर दोन तास सुकवून पाहिला, तरी फरक पडला नाही.

२२ नोव्हेंबर

कारण सापडले. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हीटरलगतच्या धातूत बसवलेले होते. वरून एक बारीक थर्मोकपल थेट वितळीत सोडून पाहिले, तेव्हा डायजवळचे तापमान १८५ भरले. खालची पोलादी बैठक उष्णता ओढून घेत होती. बैठक आणि बॅरल यांच्यामध्ये सिरॅमिकची चकती घातली, खालच्या अंगाला दुसरा छोटा हीटर दिला आणि सगळ्याला सिरॅमिक वूल गुंडाळली. आता वरपासून खालपर्यंत एका अंशाच्या आत तापमान राहते.

या बिघाडाने एक कामाची गोष्ट दाखवली. तीच पाच अंशांची घट एलडीला तेरा टक्क्यांनी मागे ओढते, तर एलएलडीला आठच टक्क्यांनी. प्लास्टिकचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात; एलडीच्या साखळ्यांना लांब शाखा असतात, एलएलडीच्या सरळ असतात. लांब शाखा असलेल्या साखळ्यांना हलण्यासाठी लागणारी ऊर्जा सरळ साखळ्यांपेक्षा बरीच जास्त असते : सरळ पॉलिथिनसाठी ती २७ ते ३० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास असते, आणि एलडीसाठी पन्नासच्या आसपास. यंत्राचे तापमान बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी एलडीचा ओळखीचा दाणा वापरावा, कारण चूक त्याच्यात आधी दिसते. मशीनवर याचा अर्थ असा, की बॅरलचे झोन दहा अंशांनी वाढवून एलडी जेवढा सैल होतो, तेवढा एलएलडी होत नाही. आमच्या ऑपरेटरनी पहिल्या आठवड्यात नेमका तोच उपाय केला होता.

२ डिसेंबर

आकड्यांत अजून उड्या होत्या, आणि त्या वजनकाट्याच्या होत्या. एमएफआय १ असेल तर एका मिनिटात ०.१ ग्रॅमच सूत (डायमधून उतरणारा वितळीचा धागा) पडते, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर त्यात दहा टक्के इकडेतिकडे होतात. सराफ कट्ट्यावर ओळख काढून मिलिग्रॅम दाखवणारा काटा २,९०० रुपयांना घेतला. बॅरलमध्ये दाणा एकदम न ओतता चार-पाच वेळा थोडा थोडा घालून दर वेळी सळईने दाबावा लागतो, नाही तर सुतात बुडबुडे येतात आणि ते तुकडे टाकून द्यावे लागतात. पिस्टन सोडण्यापूर्वी सहा-सात मिनिटे थांबणे आवश्यक आहे.

आता एलडी १.०१ आणि एलएलडी ०.९९. यंत्र बरोबर चालते आहे, आणि मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी आहे, कारण पत्रकाप्रमाणे यंत्रही दोघांना एकाच मापाने मोजते.

५ डिसेंबर

आज कागदावर हिशेब मांडला. २.१६ किलोच्या भाराखाली, एमएफआय १ असताना, डायच्या भिंतीलगत वितळीचा घसरण्याचा वेग, म्हणजे शिअर रेट, सेकंदाला २.४ इतकाच असतो. आमच्या मशीनची डाय १५० मिमी व्यासाची, फट ०.८ मिमी आणि उत्पादन ताशी ६० किलोच्या आसपास, म्हणजे तेथे हाच वेग सेकंदाला चारशेच्या वर जातो. पत्रकावरचा आकडा संथ वाहणाऱ्या वितळीचा आणि आमची अडचण दीडशे-दोनशे पट घाईने ढकलल्या जाणाऱ्या वितळीची. तेव्हा जादा वजने केल्याशिवाय गत्यंतर नाही.

१४ डिसेंबर

१० किलो आणि २१.६ किलो असे दोन भार केले. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) गोल बारच्या चकत्या कापून, तळाशी छिद्रे पाडत पाडत वजन जुळवले. ही वजने पिस्टन धरून मोजायची असतात. मोठ्या भाराने पहिल्याच दिवशी स्टँड एका बाजूला झुकला आणि पिस्टन घासत उतरू लागला, म्हणून मागे अँगलचा आधार वेल्ड केला. वजन खाली घसरून पायावर पडू नये, यासाठी एक आडवा थांबाही हवा.

२१.६ किलोवर एलडीचे पाच ग्रॅम मिनिटाच्या आत संपतात आणि हाताने सूत कापण्यात तारांबळ उडते. त्यावर उपाय म्हणून पिस्टनशेजारी स्टीलची पट्टी लावून मोबाइलवर व्हिडिओ काढला, आणि पिस्टन २५ मिमी उतरायला किती वेळ लागतो ते फ्रेम मोजून काढले. तेवढ्या उतारात १.३७ ग्रॅम बाहेर पडतात (१९० अंशांवर वितळीची घनता सुमारे ०.७६ धरून).

आकडे असे आले. एलडी : २.१६ किलोवर १.०१, २१.६ किलोवर ५७. एलएलडी : २.१६ किलोवर ०.९९, २१.६ किलोवर २७. दाब दोघांवरही दहापटच वाढला, पण एलडीचा प्रवाह छप्पन्न पटींनी वाढला आणि एलएलडीचा सत्तावीस पटींनी. जोराने ढकलल्यावर एलएलडी एलडीइतका पातळ होत नाही, म्हणून मोटरवर भार येतो; अँपिअरचे कोडे येथे सुटले.

आणखी एक गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसली. २१.६ किलोवर एलडीचे सूत काचेसारखे गुळगुळीत उतरले. एलएलडीच्या सुताला मात्र अंगभर बारीक आडव्या कडा होत्या, नखाने ओढले तर खरखर लागत होती. फिल्मवरच्या लहरी त्या याच. धंद्यात याला शार्कस्किन म्हणतात. भिंतीलगतचा ताण साधारण ०.१ मेगापास्कलच्या पुढे गेला की सरळ साखळ्यांचे पॉलिथिन डायच्या ओठावर असे फाटू लागते. २१.६ किलोवर दोघांवरचा ताण सारखाच असतो, तरी लांब शाखांचा एलडी असा फाटत नाही.

१७ डिसेंबर

असे का होते, ते दोन परिच्छेदांत लिहून ठेवतो, कारण शेडमध्ये येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. शाखा दोन्ही दाण्यांत आहेत. एलडी हजार ते तीन हजार बार दाबाखाली तयार होतो. तेथे वाढत्या साखळीचे टोक कधी मागे वळून स्वतःच्याच अंगावरचा हायड्रोजन उचलते, तेव्हा चार कार्बनची आखूड शाखा फुटते, आणि कधी शेजारच्या साखळीचा उचलते, तेव्हा तेथून पूर्ण लांबीची शाखा वाढू लागते. एलएलडीत उत्प्रेरक वापरून कमी दाबाखाली इथिलीनबरोबर ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन जोडतात. त्यामुळे शाखा दोन, चार किंवा सहा कार्बनच्याच राहतात. आखूड शाखा स्फटिक नीट जमू देत नाहीत, म्हणून दोघांचीही घनता ०.९२ येते. दाणा तरंगवून एलडी आणि एलएलडी वेगळे ओळखता येत नाहीत ते यामुळे.

वाहण्यात मात्र आखूड शाखांचे वजन पडत नाही. पॉलिथिनची साखळी दुसऱ्या साखळीत गुंतायला साधारण सत्तर ते नव्वद कार्बनची लांबी लागते. दोन किंवा सहा कार्बनचा अंकुर कशात गुंतणार? सरळ साखळी आपल्याच लांबीच्या वाटेने सरपटत गुंत्यातून सुटते, हे चित्र द जेन यांनी १९७१ मध्ये मांडले. लांब शाखा असेल तर ही वाट बंद होते, आणि साखळी सुटण्यापूर्वी शाखेला मुळापर्यंत मागे यावे लागते. एलडीत अशा लांब शाखा आखूड शाखांच्या मानाने फारच थोड्या असतात, तरीही मशीनवर जे जाणवते ते त्यांचेच.

२८ डिसेंबर

सूत ओढून पाहण्याची सोय केली. आधी ड्रिल मशीनला चाक लावले होते, पण ते हळू फिरतच नाही. जुन्या गाडीच्या वायपरची मोटर बारा व्होल्टवर बसवली आणि वेग रेग्युलेटरने कमी-जास्त केला. सूत ज्या बेअरिंगवरून वळते, ते स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर ठेवले, म्हणजे ओढ ग्रॅममध्ये कळते. शास्त्रशुद्ध मोजमाप नव्हे, पण तुलनेला पुरेसे आहे.

एलडीची ओढ वेगाबरोबर वाढत जाऊन ९ ग्रॅमपर्यंत गेली आणि सूत तुटले. एलएलडीची ओढ ३ ग्रॅमच्या वर गेलीच नाही, पण सूत दोऱ्याइतके बारीक झाले तरी तुटले नाही. हे पाहून आमचे ऑपरेटर मामा म्हणाले, “साहेब, मोळीतनं ऊस ओढला तर एकटा निघतो, बाभळीची फांदी ओढली की सगळा ढीग मागं येतो.” फुगा स्थिर राहतो तो या ढीग मागे येण्यामुळे : जेथे फिल्म पातळ होऊ लागते तेथेच ती ताठ होते आणि ताण शेजारच्या जाड भागावर जातो. एलएलडीत तसे होत नाही. त्याच कारणाने एलएलडीचा पेपर न तुटता खूप पातळ ओढता येतो, आणि एलडीचा येत नाही.

सुताची जाडीही मोजून ठेवावी. डायचे भोक २.०९५ मिमी असताना थंड झालेले एलडीचे सूत व्हर्नियरवर ३.० मिमी भरले आणि एलएलडीचे २.४ मिमी. माप सर्वांत आधी बाहेर पडलेल्या टोकापासून पाच-सहा मिलिमीटरवर घ्यावे, कारण वरचा भाग सुताच्या स्वतःच्या वजनाने ताणला जाऊन बारीक होतो. मी सुरुवातीला मधोमध मोजत होतो, ते सगळे आकडे खोडून टाकले.

११ जानेवारी २०२५

एलएलडीत एलडी मिसळून पाहिले. दोन भारांवरील प्रवाहांचे गुणोत्तर नुसत्या एलएलडीला २७, दहा टक्के एलडी घातल्यावर ३०, वीस टक्क्यांवर ३४ आणि तीस टक्क्यांवर ३९ आले. दहा टक्क्यांवर फुगा थोडा सावरला, वीसवर एअर रिंगचा वारा पूर्ण दिला तरी जागचा हलला नाही, आणि जाडी २३ ते २७ मायक्रॉनच्या आत आली. मोटर ३४ अँपिअरवर उतरली.

लहरी मात्र वीस टक्क्यांवरही पूर्ण गेल्या नाहीत. फ्लोरोपॉलिमरचा मास्टरबॅच (दाण्यात थोडासा मिसळायचा घट्ट मिश्रणाचा दाणा) घातला तर जातात, पण तो महाग पडतो आणि प्रत्येक वेळी डायला त्याचा लेप बसेपर्यंत तासाभराचा माल भंगारात जातो. त्याऐवजी डायची बाहेरची रिंग मिरजेच्या वर्कशॉपमध्ये आतून कापून फट ०.८ वरून १.५ मिमी केली. शिअर रेट चारशेवरून सव्वाशेच्या आसपास आला आणि फिल्म स्वच्छ झाली. आता या डायवर नुसता एलडी २५ मायक्रॉनपर्यंत ओढता येत नाही, फुगा फ्रॉस्ट लाइनच्या (जेथे वितळ गोठून फिल्म होते त्या रेषेच्या) खालीच फाटतो. जुन्या मापाची दुसरी रिंग करून ठेवावी लागणार, हा खर्च आधी धरला नव्हता.

२५ जानेवारी

तीस टक्क्यांचा पेपर कवठे महांकाळच्या एका कलिंगडवाल्यांना दिला होता. ट्रॅक्टरने अंथरताना रोपांसाठी पाडलेल्या छिद्रांपासून लांबीच्या दिशेने चिरा गेल्या. वीस टक्क्यांच्या रोलला तसे झाले नाही. एलडीच्या लांब शाखांमुळे फुगा वर खेचला जाताना साखळ्या लांबीच्या दिशेने रांगेत बसतात आणि तशाच गोठतात, त्यामुळे त्या दिशेने पेपर सहज चिरतो. जी गोष्ट फुगा सांभाळते, तीच शेतात पेपर फाडते. मल्चिंगसाठी वीस टक्क्यांच्या वर जायचे नाही. बेदाण्याच्या पिशवीला छिद्रे नसतात, तेथे तीसही चालते.

१५ फेब्रुवारी

रिप्रोसेस दाण्याच्या दोन लॉटची तपासणी केली. पहिला लॉट ‘शुद्ध एलडी’ म्हणून आला होता. एमएफआय १.१, गुणोत्तर ३१, सूत २.५ मिमी, ओढ ४ ग्रॅम. यात एलएलडीच अधिक आहे. ग्लिसरीन ११६ अंशांवर धरून त्यात फिल्मची पट्टी सोडली, तेव्हाही ती पूर्ण पारदर्शक झाली नाही. एलडी ११० च्या आसपास वितळतो आणि एलएलडी १२० च्या पुढे. दाणा वाईट नाही, पण एलडीच्या भावाने घेण्यासारखा नाही आणि फुगा सावरण्यासाठी तर निरुपयोगी.

दुसऱ्या लॉटने चकवले. गुणोत्तर ९० च्या वर आले, तेव्हा हा भरपूर लांब शाखांचा एलडी असणार असे वाटून पन्नास किलो मशीनवर घातला. मोटर ४२ अँपिअरवर गेली आणि पेपर कडक, खडखडीत निघाला. गुणोत्तर वाढायला लांब शाखाच हव्यात असे नाही. ज्या दाण्यात अतिलांब आणि आखूड साखळ्या एकत्र असतात, त्याचेही गुणोत्तर मोठेच येते, आणि कॅरीबॅगचा एचएम दाणा (एचडी, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनचा एक प्रकार) तसाच असतो. येथे तरंगवण्याची परीक्षा उपयोगी पडली. स्पिरिटमध्ये पाणी थोडे थोडे घालत, ओळखीचा एलडी दाणा तरंगेल आणि ओळखीचा एचडी दाणा बुडेल, असे मिश्रण जमवले. लॉटमधील निम्म्याहून अधिक दाणे तळाशी गेले. काळ्या किंवा फिलर असलेल्या दाण्यावर ही परीक्षा चालत नाही, कारण तो दाणा मुळातच जड असतो.

८ मार्च

खर्चाचा हिशेब : बॅरल व पिस्टन ३,८००, वाया गेलेले बॅरल १,६००, डाय ४,५००, हीटर-कंट्रोलर-थर्मोकपल ३,२००, काटा २,९००, वजने व स्टँड २,४००, मिळून १८,४०० रुपये. मशीनची नवी रिंग आणि भंगारात गेलेला माल यात धरलेला नाही.

सध्या प्रत्येक लॉटसाठी वहीत पाच रकाने भरतो : २.१६ किलोवरचा प्रवाह, २१.६ किलोवरचा प्रवाह, सुताची जाडी, ओढ, आणि स्पिरिटमध्ये तरंगला की बुडाला. एका लॉटला तास-सव्वा तास लागतो. त्यातला बराच वेळ साफसफाईत जातो : बॅरल गरम असतानाच सुती चिंधीने पुसून घ्यावे, डाय पितळी पिनेने मोकळी करावी, लोखंडी तार कधीही वापरू नये. पिस्टनच्या डोक्याला काजळी धरली की २.१६ किलोवरचा आकडा हळूहळू उतरू लागतो आणि २१.६ किलोवरचा तसाच राहतो, त्यामुळे गुणोत्तर खोटेच फुगते. असे दिसले की लॉट नाकारण्यापूर्वी ओळखीचा एलडी पुन्हा एकदा चालवून पाहावा.